पाणी आलं कुठून, तापलं कसं, गेलं कुठे

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय आंघोळीबद्दल.

अमेरिकेत आर्कान्सा राज्यात हॉट स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. तिथलं फोर्डाइस हे सार्वजनिक स्नानगृह १९१५ साली सुरू झालं, १९६२ साली बंद पडलं आणि १९८९ पासून ते लोकांना पाहायला खुलं आहे. टब, संगमरवर, रंगीत काचा, सगळं जागच्या जागी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तळघरात मूळ गरम झराही दाखवलाय. नुसता टब नाही, झरासुद्धा! पाणी आलं कुठून, तेही जपलंय.

आता आमचा बंब, पाणी तापवायचा, मधल्या नळीत निखारे घालायचा.

आमचा वाडा नाशकात, सराफ बाजाराच्या मागे. न्हाणीघर एक, बंब एक, माणसं चौदा. एक बादली काढली की एक बादली गार ओतायची, हा आजीचा कायदा. एका नरकचतुर्दशीला, पहाटे साडेचारला, सगळ्यांना तेल चोळून झालेलं, उटणं वाटीत कालवलेलं. धाकट्या काकांनी एकापाठोपाठ चार बादल्या काढल्या आणि वर ओतायचं विसरले. बंब कोरडा पडला, आतल्या नळीचा डाग, म्हणजे झाळलेला सांधा, सुटला. मग घाईघाईनं ओतलेली कळशी थेट निखाऱ्यांवर! न्हाणीघरभर राख आणि धूर. काका रडवेले झाले.

आजी म्हणाली, "पंचे घ्या. चला गंगेवर."

गंगा म्हणजे आमची गोदावरी. अंधारात तेलानं माखलेली चौदा माणसं उतार उतरून तिच्या रामकुंडावर. पाण्यावर वाफ तरंगत होती. शेजारच्या पायरीवर एक बाई दोन लेकरांना घेऊन बसली होती. आमची कारिटं घाईत घरीच राहिली होती. तिनं न मागता आपल्यातलं एक आजीपुढे धरलं. आजीनं ते डाव्या अंगठ्याखाली फोडलं आणि आमच्या वाटीतलं उटणं तिच्या लेकरांना लावायला बसली. त्या बाईनं माझे केस शिकेकाईनं धुतले. डोळ्यांत गेली, मी ओरडले, तर तिनं पदरानं पुसले. तिचं नावगाव विचारायचं राहूनच गेलं.

श्रोतेहो, जुन्या नाशकातले वाडे आता उतरवले जाताहेत. दारं-खांब विकत घ्यायला गिऱ्हाईक मिळतं, न्हाणीघराला कुणी विचारत नाही. एक तरी न्हाणीघर जपा. दगडी मोरीसकट, चुलीसकट, पाणी बाहेर जायच्या वाटेसकट. पाणी आलं कुठून, तापलं कसं, गेलं कुठे, हे पोरांना एका जागी दिसलं पाहिजे. नुसतं घंगाळ काचेच्या कपाटात ठेवून काय कळणार? आणि बोलतेच आहे तर सांगते, सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत गोदावरीतल्या कुंडांच्या तळाला काँक्रीट घातलं, ही फार मोठी चूक झाली. जिवंत झरे बुजवून कसली पर्वणी? ते काँक्रीट निघालंच पाहिजे. तिकडे तळघरातला झरा दाखवतात, आणि आपण आपले झाकतो.

आमचा बंब माझ्याकडे आहे. दुसऱ्याच दिवशी काकांनी तांबट लेनमधून डाग घालून आणला होता. बुडाशी हात घातला की तो उंचवटा अजून बोटाला लागतो. असं न्हाणीघर कुणी जपलं, तर तो मी तिथं आणून ठेवीन. पेटवायचा कसा, तेही येऊन दाखवीन.

नमस्कार.