पॉलिमरमधली रिकामी जागा

प्लास्टिक म्हटलं की आपल्याला ठोस, भरीव वस्तू आठवते, पण आज ज्या पॉलिमरबद्दल बोलायचंय त्यात गॅस पकडायचं किंवा गाळायचं सगळं काम रिकामी जागा करते. एक ग्रॅम पावडर घेतली आणि तिच्या आतल्या छिद्रांच्या भिंती मोजल्या तर हजारेक चौरस मीटर सहज भरतात, 2009 मध्ये पीएएफ-1 नावाचं असं एक पॉलिमर आलं त्याचं तर 5600 भरलं.

आता ही जागा टिकते कशी हे खरं बघण्यासारखं आहे, कारण पॉलिमरच्या साखळ्या सैल सोडल्या की एकमेकींना बिलगून बसतात, फट म्हणून ठेवत नाहीत. यावरची जुनी युक्ती सोव्हिएत रशियात रसायनशास्त्रज्ञ दावान्कोव यांनी काढली, आणि मला ती अजूनही फार आवडते. पॉलिस्टायरीनच्या (थर्माकोल ज्याचं बनतं त्या प्लास्टिकच्या) साखळ्या सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात, पसरू द्यायच्या आणि तशा पसरलेल्या असतानाच जागोजागी एकमेकींना बांधून टाकायच्या, मग सॉल्व्हंट काढून घेतला तरी ते जाळं पुरतं बसूच शकत नाही. 2011 मध्ये हेच बेंझीनसारख्या साध्या रेणूंवर करून दाखवलं, जोडणी घडवायला फेरिक क्लोराइड हा लोखंडाचा क्षार टाकून, म्हणजे पॅलेडियमसारखा महागडा धातू लागतच नाही. फक्त नंतर धुणं नीट झालं पाहिजे, लोखंडाचे क्षार आत राहिले तर तीच छिद्रं बुजतात.

दुसरा रस्ता पिम-1 या पॉलिमरचा, 2004 चा, मॅकीओन आणि बड या रसायनशास्त्रज्ञांचा. साखळीतच असे कडक, वाकडे सांधे ठेवायचे की ती दुमडूनही नीट रचली जाणार नाही. हे विरघळतं, त्यामुळे पातळ पडदा ओतता येतो, पण तो पडदा जुना होत जातो तसा हळूहळू आवळत जातो आणि गॅस जायचा वेग कमी होतो.

पण नुसतं क्षेत्रफळ बघून भुलू नका, कार्बन डायऑक्साइड पकडायचा तर ते पुरत नाही. कारखान्याच्या धुरात बराचसा नायट्रोजन असतो, कार्बन डायऑक्साइड कमी, आणि हवेत तर तो फक्त 0.04 टक्के आहे, एवढ्या विरळ गॅसला मोठं रिकामं भोक धरून ठेवत नाही, तिथे अरुंद छिद्रं लागतात किंवा भिंतीवर अमाइन, म्हणजे कार्बन डायऑक्साइडला धरून ठेवणारे नायट्रोजनचे गट, लागतात. अमाइनची पकड फार घट्ट झाली की गॅस सोडवायला जास्त तापवावं लागतं, त्यात दमट हवा, अनेक पदार्थ तिथेच हरतात. म्हणून अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचं 2024 चं कॉफ-999 हे अमाइनवालं सच्छिद्र पॉलिमर मला महत्त्वाचं वाटतं, बाहेरच्या उघड्या हवेवर गॅस पकडायच्या-सोडायच्या शंभरावर फेऱ्या चालवल्या आणि क्षमता टिकली, 60 अंशाच्या आसपास गॅस सुटतो, आणि दमटपणात तर ते उलट जास्त पकडतं!

हायड्रोजन साठवायचं गणित वेगळं, तिथे क्षेत्रफळ खरंच कामाला येतं पण उणे 196 अंशाला, खोलीच्या तापमानाला भिंतीची ओढ इतकी कमी पडते की बराचसा गॅस निसटतो, आणि ती ओढ साधारण दुप्पट-तिप्पट कशी करायची यावर अजून काम चालू आहे.