मांगराएवढं घर

(गोव्यातल्या पेडणे तालुक्यात एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मंडळी, बोलावणं घेऊन आलेल्या मुलाने मला विचारलं, "काका, टायनी हाउसला मराठीत काय म्हणायचं?" मी म्हटलं, "मांगर." तो हसला. त्याला वाटलं, मी त्याची फिरकी घेतोय.

पण मांगर तुम्हाला माहीत आहे. काजूच्या बागेत एक खोली, मातीच्या भिंती, उतरतं छप्पर आणि पुढे खोलीपेक्षा मोठी पडवी. काजू पिकायला लागले की माणसं डोंगरावर राहायला जायची ती पाऊस तोंडावर येईपर्यंत. चूल बाहेर, झोपणं बाहेर, भांडणंसुद्धा बाहेर. आत काय? कोयता, तांदळाचं पिंप, पावसाची भीती असलेल्या चार वस्तू. याला कुणी जीवनशैली म्हटलं नाही. म्हटलं असतं तर आजीने हसून घालवलं असतं.

अमेरिकेत हे प्रकरण वेगळ्या वाटेने आलं. तिथली घरं वाढत गेली, घरांबरोबर कर्जंही वाढली. जे शेफर नावाच्या माणसाने 1999 साली शंभर चौरस फुटांहून लहान घर बांधलं आणि त्याला चाकं लावली. चाकं हौसेची नव्हती. जमिनीवर इतकं लहान घर बांधायला नियम आडवे येत होते, चाकांवर ते नियमांच्या लेखी घरच राहत नव्हतं! 2008च्या मंदीनंतर लोक अशा घरांकडे गंभीरपणे बघू लागले. तिथल्या 2018च्या नमुना बांधकाम नियमावलीत, माळा सोडून 400 चौरस फुटांपर्यंतचं ते टायनी हाउस, अशी व्याख्या आली.

400 फूट ऐकून मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. बरोबर आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांचे मामा-काका मुंबईत बीडीडी चाळीत राहिले. तिथली खोली 160 फुटांची, आणि गावाहून पाहुणा आला तरी त्याला कुणी परत पाठवलं नाही. म्हणून मला लहान जागेचं कौतुक करवत नाही. नाइलाजाने लहान आणि आवडीने लहान, यांत फार अंतर आहे. चाळीला निदान खोल्यांमधला सामायिक बोळ होता. मांगराला पडवी असते. माझं म्हणणं एवढंच, की लहान घराची किंमत बाहेर किती जागा आहे त्यावरून करावी, आतल्या घड्या घालायच्या पलंगावरून नव्हे.

चंदीगड ज्याने आखलं तो ल कॉर्ब्युझिए घ्या. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, समुद्राच्या अगदी वर, त्याने स्वतःसाठी लाकडी खोपटं बांधलं. 1952 साली ते पुरं झालं. लांबी-रुंदी 3.66 मीटर, म्हणजे बारा बाय बारा फूट, उंची 2.26 मीटर. आत स्वयंपाकघर नाही. एक दार थेट शेजारच्या खाणावळीत उघडत होतं. हा खरा गोंयकारी विचार! तिथल्याच समुद्रात पोहताना 27 ऑगस्ट 1965 रोजी तो गेला.

आता माझी फजिती. माझं घर बारा बाय पंधरा, म्हणजे 180 फूट. केरीच्या बाजूला, वाळूपासून लांब, चढावर, वडिलोपार्जित काजूंमध्ये. पहिल्यांदा मी प्लायवूडचं केलं. दुकानदाराने "मरीन आहे, समुद्रात टाका" म्हणून सांगितलं. टाकावं लागलंच नाही, समुद्रच आला. चतुर्थीपर्यंत भिंती पुरीसारख्या फुगल्या. आपल्याकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यात खारी हवा. साधे खिळे दोन वर्षांत गंजून भुगा होतात. मग शहाणपण सुचलं: खाली चिऱ्यांचे थर, वर मंगळुरी कौलं, पागोळी भिंतीपासून चार फूट लांब. बांबू वापरला तो बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात बुडवून, नाहीतर भुंगे वर्षात पीठ करतात. सर्वांत जास्त पैसे पडवीवर गेले. माझी अकरा फुटांची कयाक, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, पावसाळ्यात आत झोपते, मी बाहेर. आमच्या मंडळींनी जुलैत एकदाच मुक्काम केला. पुस्तकांना बुरशी, कपडे चार दिवस ओले. त्या गावातल्या घरी गेल्या त्या दिवाळीला उगवल्या. त्यांचं काही चुकलं नाही.

आणि एक गोष्ट कुणी फोटोत दाखवत नाही: शौचालय. वाळूच्या जमिनीत मैलापाणी अडत नाही, सरळ विहिरीकडे सरकतं. घर कितीही लहान असो, ही सोय लहान करता येत नाही.

वाळूवरच बांधावं असं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी आधी मर्यादवेल बघावी. जांभळ्या फुलांची, वाळूवर पसरणारी. नाव आपल्या लोकांनी उगाच दिलेलं नाही. ती मुळांनी वाळू धरते, त्यातून टेंब, म्हणजे वाळूच्या टेकड्या, तयार होतात आणि तुफानाचा पहिला मार तेच खातात. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या, नियमात भरतीरेषेपासून 200 मीटरचा बांधकामबंदीचा पट्टा आहे, तो मला जाचक वाटत नाही. दक्षिण गोव्यात पाळोळे-आगोंदच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी उभारलेल्या खोपी पावसाआधी उतरवतात, ते मला पटतं. बांबू, काथ्या, झावळ्यांचे झाप, सगळं सुटं होतं. मात्र मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं उजेडाकडे धावतात. समुद्राऐवजी तुमच्या दिव्याकडे वळली, तर संपलं. दिवा विझवणं हे घर बांधण्याचाच भाग धरा.

घर लहान केलं की वेळ उरतो, आणि तो बाहेर घालवायचा तर भरती-ओहोटी कळायला हवी. रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, मोबाइल लागत नव्हता. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणून तीन वाजता. हे मुंबईकडचं गणित. आपल्याकडे पाणी सुमारे तासभर आधी चढतं, म्हणजे दोन. ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे. अमावास्या-पुनवेला उधाण, म्हणजे पाणी सर्वांत जास्त चढतं-उतरतं; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत कमी. कयाक घेऊन तेरेखोलच्या खाडीत जायचं तर भांगाच्या दिवसांत, पाणी चढताना वर आणि उतरताना परत. उधाणाच्या ओहोटीत मुखाजवळ रेंगाळू नका. वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात आणि मागून नदी ढकलते. मी एकदा रेंगाळलो होतो. वल्हं गेलं, चष्मा गेला, आणि तेरेखोलच्या किल्ल्यावरून दोन पर्यटक माझे फोटो काढत होते.

जून ते सप्टेंबर समुद्रात उतरूच नका. त्या महिन्यांत चालावं. केरीहून हरमलला डोंगरावरून जाणारी वाट तेव्हा हिरवीगार असते. बाकीच्या दिवसांत खालून, खडकांवरून जाता येतं, पण ओहोटी साधावी लागते. खडकांवर कालवं असतात, चप्पल जाड हवी.

उद्या तृतीया आहे. ज्यांना माझ्याबरोबर खालच्या वाटेने हरमलला यायचं आहे, त्यांनी केरीच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर यावं. वेळ मी सांगणार नाही, गणित आत्ताच केलंय.