हजारात आणि छाटात

मंडळी, पत्रिकेत विषय फार भारदस्त छापलाय: ‘प्रेमपटांतला त्याग, त्याचा आणि तिचा’. तीन कालखंड घ्यायचं मी कबूल केलंय. पण आधी आईचं सांगतो, म्हणजे वेळ संपला तरी माझं काम झालेलं असेल.

आई विड्या वळायची. सोलापुरात सूप, कात्री आणि पान काय ते समजावायला नको, पण मागे दोन-तीन पुणेकर दिसतायत. त्यांच्यासाठी सांगतो. मजुरी दर हजार विड्यांवर. माल तपासताना नापास झालेली विडी म्हणजे छाट. पान तुम्ही कापलं, तंबाखू तुम्ही भरली, दोरा तुम्ही बांधला, पण छाट हजारात धरत नाहीत. बरं, ती परतही देत नाहीत! आमच्या वेळी तरी नव्हते देत. असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे आणि त्याला कोणी बोलावत नाही.

तर ‘अभिमान’. १९७३चा. गल्लीतल्या सात-आठ बाया तीनच्या खेळाला निघाल्या, मी आईच्या पदराला. सकाळी चारला उठून हजार पुरे केलेले. पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी. पडद्यावर हिंदी, शेजारी तेलुगू, मला दोन्ही अर्धंमुर्धं. एक मावशी प्रत्येक गाण्याला ‘आता हिचं वाईट होणार’ असं आधीच सांगायची, आणि व्हायचंच. नवरा-बायको दोघं गाणारे, ती वरचढ निघते, त्याला ते सोसत नाही, ती गाणं सोडते, पोटातलं मूल जातं, ती दगडासारखी होते. शेवटी तो स्टेजवर गाऊ लागतो, तिचा बांध फुटतो. आणि थिएटर रडतंय कोणासाठी? त्याच्यासाठी! आमच्या पुढच्या रांगेतला मिलचा जॉबर, दिवसभर लोकांवर खेकसणारा माणूस, टोपीनं डोळे पुसत होता.

आई गप्प. बाहेर आल्यावर मावशीनं विचारलं, “काय गं, आवडला नाही व्हय?” आई म्हणाली, “आवडला की. पन त्याचं तेवढं हजारात धरलं. तिचं समदं छाटात.”

मी पुढे चाळीस वर्षं सिनेमावर बोलतोय, त्या वाक्याच्या पलीकडे गेलेलो नाही. तिनं गाणं सोडलं ते संसारासाठी, म्हणून ते तिचं कर्तव्य. त्यानं अहंकार सोडला, तो त्याग! तसं असेल तर मी तंबाखू सोडली तेव्हा माझा सत्कार व्हायला हवा होता. (हशा) हसू नका, घरी विचारून बघा.

अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. बरं. भराभरा घेतो.

देवदास. तो पितो, हे प्रेमाच्या खात्यात जमा. पारो मोठमोठ्या मुलांच्या बिजवराशी संसार करते, चंद्रमुखी धंदा सोडते. सिनेमाला नाव कोणाचं?

तुम्ही म्हणाल, ‘टायटॅनिक’मध्ये जॅक मेला की. मेला, मान्य. जीव देणं लहान गोष्ट नाही. पण मरणाला एक सीन लागतो आणि कॅमेरा तिथे हजर असतो. रोजचं सोडणं गाण्याच्या दोन कडव्यांत उरकतात, माझी तक्रार तेवढीच आहे.

म्हणून मला आपल्या जिल्ह्यातला, करमाळ्याकडचा ‘सैराट’ महत्त्वाचा वाटतो. २०१६. इतर सिनेमे पळून जाण्यावर संपतात, हा तिथे जोर धरतो. बुलेट चालवणारी पाटलाची आर्ची हैदराबादेत बाटल्यांच्या कारखान्यात जाते. तिला वस्तीचा वास सोसत नाही, घर आठवतं, ती चिडते, आईला फोन करते. परश्याही राबतो, ते नाकारत नाही. पण तिचं सोडणं इथे मोजलंय, एकेक विडी बघून. आईनं हा बघायला हवा होता.

चिठ्ठी आली. ‘मुघल-ए-आझम’ राहिलाच. एवढंच लिहून घ्या: अनारकलीला भुयारातून बाहेर काढून दिलं, आणि सलीम पुढे तख्तावर बसला.