केमोच्या काळातलं कोलेस्टेरॉल

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की घरादाराचं लक्ष गाठीकडे लागतं आणि ते लागायलाच हवं. पण यातल्या बऱ्याच जणी बऱ्या होऊन पुढे वर्षानुवर्षं जगतात. त्या वर्षांत, विशेषतः वय झालेल्या बायकांना, हृदयविकाराचा मोठा धोका असतो. म्हणून आज रक्तातल्या चरबीबद्दल बोलायचं आहे.

केमो चालू असताना अनेकींच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलेलं, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) उतरलेलं दिसतं. याचा दोष रुग्णाच्या जिभेवर टाकू नका. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ज्याला सगळे 'लाल औषध' म्हणतात, ते यकृताच्या पेशींमध्ये एचडीएल घडवणारं प्रथिन कमी करतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या दुसऱ्या औषधामुळे रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे पेशींवरचे रिसेप्टर कमी होतात, असंही प्रयोगशाळेत दिसलं आहे. शिवाय उलट्या आणि ॲलर्जी टाळायला दिलेलं डेक्सामेथासोन भूक वाढवतं, साखर वाढवतं. चाळिशीच्या आतबाहेरच्या बाईची पाळी केमोने थांबली, तर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचं हृदयाला असलेलं संरक्षणही जातं. त्यात थकवा, चालणं बंद, वजन वर.

आता रिपोर्ट हातात घेऊ. एकूण कोलेस्टेरॉल २४०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड २००. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशोबाने काढतात: ट्रायग्लिसराइडला ५ ने भागायचं, म्हणजे ४०, ते आणि एचडीएल २४० मधून वजा केलं की १६०. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हा हिशोब भरवशाचा राहत नाही. तेव्हा एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करून येणारा आकडा बघावा. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा, कारण ते आणखी चढलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते.

माझा आग्रह एकच आहे: केमोच्या पहिल्या सायकलच्या आधी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या या सगळ्या चरबीची तपासणी, करून ठेवा. तो रिपोर्ट नसेल तर मधला आकडा औषधामुळे वाढला की आधीपासूनच तेवढा होता, हे कळायला मार्ग नाही. केमो संपल्यावर काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करा. बऱ्याच जणींचे आकडे तोवर उतरलेले असतात. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून केमो थांबवायची नाही, आणि घरातल्या कुणाची स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी परस्पर सुरू करायची नाही. काही स्टॅटिनचं इतर औषधांशी जमत नाही.

खाण्याचं म्हणाल, तर ताकद यावी म्हणून आपण डिंकाचे लाडू, तुपातला शिरा, फळांचा रस यांचा मारा करतो. माया कळते मला. पण ट्रायग्लिसराइड साखरेनेही चढतात. घट्ट वरण, उसळ, नीट उकडलेलं अंडं यांनी जास्त भरून येतं. मात्र तोंड आलंय, काहीच पोटात ठरत नाही, अशा दिवसांत जे जाईल ते खाऊ द्या, तेव्हा आकडे बघत बसू नका.

केमोनंतर ज्यांना हार्मोनवरच्या उपचाराच्या गोळ्या सुरू होतात त्यांनी आपली गोळी कोणती हे बघावं. टॅमॉक्सिफेनने एलडीएल सहसा उतरतं, पण काहींचं ट्रायग्लिसराइड वाढतं. लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोलमध्ये एलडीएल उतरवण्याचा तो फायदा नाही, त्यामुळे या गोळ्या घेणाऱ्यांनी लिपिडची तपासणी ठरल्या वेळी करत राहावी.