मागचं दार: मैला, सोनखत आणि काळी माती

(दृश्य: जुन्या वाड्याची मागची भिंत, अरुंद बोळ. जमिनीलगत विटांनी बुजवलेलं भोक.)

भिंतीतलं हे भोक हातभर रुंद आहे, उंचीला दोन विती. आता विटा लावून बुजवलंय. पूर्वी इथे पत्र्याची झडप होती आणि आतला मैला काढायला ती बाहेरूनच उघडायची. घरातल्या माणसांचं तिच्याशी काही काम नसायचं.

विदर्भातल्या जुन्या कसब्यांत मागच्या बोळांनी फिरलं की अशी भोकं अजून सापडतात. लहान खेड्यात मात्र शोधू नका. तिथे शेतखाना, म्हणजे घरचा संडास, नव्हताच. पुरुष नाल्याकडे जात, बाया गोदरीत, म्हणजे गावाबाहेरच्या उघड्या जागेत. मैला उचलायचं काम आलं ते घराला शेतखाना आल्यावर. आधी नागपूरकडे मालगुजाराच्या वाड्याला, वऱ्हाडात देशमुखाच्या. मग तहसिलीच्या गावांना, कापसाच्या पेठांना. हे काम करणाऱ्यांत उत्तरेकडून आलेली वाल्मीकी आणि सुदर्शन समाजातली माणसं पुष्कळ. लोक त्यांना 'मेहतर' म्हणत आणि कामाला 'पिढीजात धंदा'. धंदा परवडत नसला तर दुकान बंद करता येतं. इथे ती सोय नव्हती.

(दृश्य: शेतखान्याचा उभा छेद, रेखाचित्र.)

दोन-अडीच फूट उंच ओटा, त्यावर पाय ठेवायला दोन दगड, मधे भोक. भोकाखाली बुरडाने विणलेली टोपली, नाहीतर घासलेटचा रिकामा डबा. काही ठिकाणी तेवढंही नाही, नुसती फरशी. धुण्याचं पाणी वेगळ्या उताराने मोरीत जावं, असा हिशेब. हा हिशेब रोज चुकायचा. पाणी खाली उतरलं की मैला पातळ होतो, आणि पातळ मैला टोपलीच्या विणीतून गळतो.

काम उजाडायच्या सुमारास सुरू. झडप उचलायची, डबा पुढे ओढायचा. फरशीवरचं पत्र्याच्या तुकड्याने खरवडायचं, कडेचं खराट्याने ओढून घ्यायचं, वर चुलीतली राख टाकायची. राख ओल शोषते, माश्या कमी बसतात. वाहून न्यायच्या टोपलीच्या तळाशीही राख, कुटार किंवा पळसाची पानं. मग टोपली कमरेवर किंवा डोक्यावर. घरोघरचं हे काम बहुतेक बायकांच्याच वाट्याला येई.

वजनाचा अंदाज घेऊ. माणशी रोज पाव ते अर्धा किलो. आठ माणसांच्या घरात दोन ते चार किलो. तीस घरं धरली तर साठ ते एकशेवीस किलो. घासलेटच्या डब्यात अठरा लिटर मावतं. काठोकाठ भरला तर हिंदकळतो, म्हणून पाऊण भरायचा, म्हणजे तेरा-चौदा किलो. पाच ते नऊ खेपा. तेही पाणी मिसळलेलं नसेल आणि हवा कोरडी असेल तर.

मृग लागला की गणित बिघडायचं. छप्पर गळून डबा भरायचा, बोळात चिखल, टोपली चेहऱ्यावर गळायची. अनवाणी पायांना आणखी एक धोका: ओल्या मातीतल्या अंकुशकृमीच्या अळ्या पायाच्या कातडीतून आत शिरतात, पुढे आतड्यात राहून रक्त पितात आणि माणूस पांढराफटक पडतो. उन्हाळ्यात मैला वाळून फरशीला चिकटायचा. खरवडताना पत्र्याने बोटं कापायची आणि जखम त्याच मैल्यात.

(दृश्य: गावाबाहेरचं माळरान.)

बोळाच्या तोंडाशी बैलांची मैलागाडी उभी. तिथून डेपो, म्हणजे मैल्याचं खत करायची जागा. डेपोवर चर खणलेले असत: खोली सुमारे तीन फूट, रुंदी दीड ते अडीच मीटर. तळाशी सुका कचरा पंधरा सेंटिमीटर, त्यावर मैला पाच सेंटिमीटर, पुन्हा कचरा. असे थर जमिनीच्या वर फूटभर येईपर्यंत. शेवटचा थर कचऱ्याचाच, आणि तो जाड. वर चरातली माती. आठवडाभरात आत साठ अंशांच्या वर उष्णता चढते आणि दोन-तीन आठवडे टिकते. जंतांची अंडी मरतात ती या उष्णतेनेच. चार ते सहा महिन्यांनी निघतं ते भुरभुरीत, वास नसलेलं सोनखत.

बिघडतं ते थर चुकल्यावर. मैल्याचा थर जाड पडला की हवा कोंडते, खड्डा तापत नाही, दुर्गंधी सुटते, माशी अंडी घालते. मग तेच अर्धकच्चं खत भाजीच्या वाफ्यात जातं आणि जंत पुन्हा घरात.

वर्ध्याजवळ हेच काम दुसऱ्या हातांनीही झालं. 1935 च्या सुमारास गांधीजींच्या मगनवाडी आश्रमातले लोक शेजारच्या सिंदी गावात बादल्या घेऊन जात. 1946 मध्ये विनोबा पवनारहून सुरगावला फावडं खांद्यावर टाकून जाऊ लागले. गांधीजींचा आग्रह उथळ पुरण्याचा: नऊ ते बारा इंच, त्याहून खोल नाही, कारण कुजवणारे जीव वरच्याच मातीत असतात. ते काम त्यांनी स्वतः निवडलेलं होतं, हा फरक लहान नाही.

माणसाकडून मैला उचलून घेण्यावर बंदी घालणारे कायदे उशिरा आले, 1993 चा आणि मग 2013 चा. 2011 च्या जनगणनेत माणसाने मैला उचलावा लागणारी देशात 7,94,390 घरं नोंदली गेली.

(दृश्य: कपाशीच्या शेताकडेचं नवं शौचालय.)

आता झडप गेली, खड्डा आला. शासनाचे 12,000 रुपये मिळतात आणि मालक म्हणतो, एकदाच काय तो खोल करा, पुन्हा बघायला नको. दहा फूट खोल, एकच खड्डा. काळ्या मातीत तो पावसाळ्यात मुरतच नाही, कारण माती फुगून घट्ट होते. भांडं तुंबतं, घरचे म्हणतात खड्डा भरला. उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा पडतात आणि घाण पाणी विहिरीची वाट धरतं. अंतर किमान पंधरा मीटर हवं.

असा कोंडलेला खड्डा उघडला की आत हायड्रोजन सल्फाईड असतो. हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास 'गेला' असं वाटतं. गाळ ढवळला की वायू एकदम सुटतो. एक-दोन श्वासांत माणूस पडतो. त्याला काढायला उतरणाराही पडतो. खाली कोणालाच उतरवायचं नाही, मैला टँकरचा पाईप उतरवायचा. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये भरपाई तीस लाख केली.

हे टाळायचं तर खड्डे दोन हवेत, उथळ, मीटर-सव्वा मीटरचे, एकमेकांपासून मीटरभर लांब. वीटकाम जाळीचं, तळाला सिमेंट नाही. काळ्या मातीत घेर मोठा घ्यायचा आणि भिंतीबाहेर फूटभर वाळू किंवा विटांचे तुकडे भरायचे. भांडं जास्त उताराचं, म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं. गवंडी सगळ्यात जास्त चुकतो तो मधल्या चेंबरमध्ये, जिथून दोन्ही खड्ड्यांकडे वाटा फुटतात: दोन्ही तोंडं उघडी ठेवतो. दोन्ही खड्डे एकदमच भरतात, विश्रांती कोणालाच नाही.

एक तोंड वीट आणि मातीने बंद हवं. पहिला खड्डा साधारण तीन वर्षांनी भरला की ती वीट काढून दुसऱ्या तोंडात बसवायची. भरलेला खड्डा दोन वर्षं तसाच सोडायचा. मग झाकण उचलून फावड्याने खत काढता येतं. ते घरधन्यानेच काढावं.

(दृश्य: चेंबरमधली वीट उचलणारा हात. आवाज बंद.)