कीस्टोन शून्यावर आणा, मग प्रोजेक्टर लावा

नमस्कार मंडळी. प्रोजेक्टर लावण्यावर व्हिडिओ करा म्हणून तुम्ही बरेच दिवस मागे लागला आहात. आणि त्या सगळ्या कमेंटमध्ये एक प्रश्न सतत येतो: "दादा, फुल एचडी प्रोजेक्टर घेतला, पण अक्षरं पुसट दिसतात. पीस खराब आला का?" बहुतेक वेळा पीस उत्तम असतो. गडबड एका सेटिंगमध्ये असते, आणि आजचा बराचसा वेळ मी त्या सेटिंगलाच देणार आहे. त्याचं नाव कीस्टोन, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करणारी सेटिंग.

आधी सोप्या गोष्टी पटापट. वायर लावा, सोर्समध्ये एचडीएमआय निवडा, चित्र येतं. किती लांब ठेवायचा, तर मॅन्युअलमध्ये थ्रो रेशो बघा. पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी, एवढंच ते. 100 इंची (कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत) 16:9 चित्र साधारण 2.2 मीटर रुंद असतं. रेशो 1.5 असेल तर लेन्स 3.3 मीटरवर, 1.2 असेल तर साधारण 2.65 मीटरवर. भिंतीला भोक पाडायच्या आधी हा गुणाकार करा. आणि मोठ्या चित्राचा मोह असेल, तर 100 चं 140 इंच केलं की क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होतं. प्रकाश तेवढाच राहतो, म्हणजे चित्र निम्मंच उजळ दिसतं.

झालं. आता मुद्द्यावर येऊ.

प्रोजेक्टर टेबलावर ठेवला, चित्र खाली पडतंय. लगेच काय होतं? पुढचा स्क्रूचा पाय फिरवायचा, तोंड वर करायचं. चित्र वर जातं, पण वरून रुंद आणि खालून अरुंद होतं. भिंतीवर टॉर्च तिरका मारला की गोल डाग लांबट होतो ना, तसंच. चित्राच्या वरच्या कडेपर्यंत प्रकाशाला जास्त अंतर जावं लागतं, म्हणून ती कड जास्त पसरते. मग रिमोट घ्यायचा, कीस्टोन दाबत जायचं, चौकोन सरळ झाला की खूश. दिसायला सगळं नीट. पण आत काय घडलं ते बघा.

(ग्रिड पॅटर्न दाखवणे: आधी कीस्टोनसकट, मग कीस्टोनशिवाय)

प्रोजेक्टरच्या आत चित्र बनवणाऱ्या चिपचा आकार काही बदलत नाही. फुल एचडी चिपवर 1920 गुणिले 1080 पिक्सेल आहेत, ते तेवढेच राहतात. समजा वरची कड खालच्यापेक्षा वीस टक्के रुंद झाली होती. ती खालच्या मापात बसवायची तर वरच्या ओळीत 1920 ऐवजी 1600 पिक्सेलमध्येच सगळं चित्र कोंबावं लागतं. प्रमाण राखायला उंचीतूनही काही ओळी जातात. तुमच्या लॅपटॉपने पाठवलेला एक पिक्सेल चिपच्या नेमक्या एका पिक्सेलवर बसायला हवा होता. आता तो दोघातिघांत वाटला जातो. अक्षरांच्या कडा पुसट होतात त्या इथे. सिनेमात चटकन कळत नाही, पण एक्सेलची शीट उघडा, सबटायटल वाचा, लगेच कळेल.

यावर काही जण म्हणतात, "थोडं शार्पनेस वाढवलं की झालं." नाही होत. गेलेले पिक्सेल शार्पनेसने परत येत नाहीत, अक्षरांभोवती पांढरी कड तेवढी वाढते.

दुसरी बाजू प्रकाशाची. त्या वापरात नसलेल्या पिक्सेलचं काय होतं? प्रोजेक्टर तिथे काळा रंग पाठवतो. पण प्रोजेक्टरला खरा काळा पाठवता येतच नाही, थोडा प्रकाश गळतोच. म्हणून अंधाऱ्या खोलीत चित्राभोवती फिकट राखाडी पट्टा दिसतो. एका ताईंनी विचारलं होतं, "चित्राच्या दोन्ही बाजूंना धुरकट तिरके पट्टे का दिसतात?" ताई, हेच ते. ज्या ल्युमेनसाठी, म्हणजे उजेडासाठी, पैसे मोजले, त्यातले काही चित्राच्या बाहेर वाया चालले आहेत.

जाता जाता: "खोलीत लाइट असताना काळा रंग राखाडी दिसतो, प्रोजेक्टर बदलू का?" बदलू नका, पडदे लावा. पडद्यावरचा काळा म्हणजे त्या जागेवर पडणारा कमीत कमी उजेड. खोलीत उजेड असेल तर काळाही तेवढाच उजळणार.

तिसरी बाजू फारसं कोणी सांगत नाही: फोकस. प्रोजेक्टर तिरका आहे म्हणजे पडद्याची वरची कड लेन्सपासून लांब आणि खालची जवळ. कीस्टोन आकार सरळ करतं, पण हे अंतर तसंच राहतं. म्हणून खालची ओळ स्पष्ट केली की वरची धूसर, वरची केली की खालची. फोकसची रिंग तुम्ही कितीही फिरवत बसा.

माझ्या मावसभावाने प्रोजेक्टर परत पाठवायची तयारी केली होती. मी गेलो तेव्हा तो बुटक्या कपाटावर, तोंड वर करून ठेवलेला होता. पुढचा पाय पूर्ण आत घेतला, कीस्टोन शून्य केलं, आणि प्रोजेक्टर उंच स्टूलवर सपाट ठेवला. त्याने आधीच्याच सबटायटलसकट तोच सीन लावला, आणि प्रोजेक्टर परत करायचा विषय तिथेच संपला.

तेव्हा क्रम असा ठेवा. मेन्यूत जाऊन ऑटो कीस्टोन बंद करा. ते सोय म्हणून विकलं जातं, पण अनेक मॉडेलमध्ये दर वेळी चालू केलं की ते स्वतःच चित्र वाकवून ठेवतं, आणि तुम्हाला कळतही नाही. मग हाताने आडवं-उभं दोन्ही कीस्टोन शून्य. प्रोजेक्टरवर स्पिरिट लेव्हल ठेवून तो सपाट करा. मेजरिंग टेपने लेन्सपासून पडद्याच्या डाव्या आणि उजव्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, दोन्ही सारखी यायला हवीत. चित्र वर-खाली हवं असेल तर तोंड वाकवायचं नाही, अख्खा प्रोजेक्टर उचलायचा किंवा खाली आणायचा. बऱ्याच मॉडेलमध्ये सपाट ठेवल्यावर चित्र लेन्सच्या पातळीपासून वर सुरू होतं. असा प्रोजेक्टर छताला उलटा टांगून मेन्यूत सीलिंग निवडलं की चित्र खाली उतरतं. आधी पॅटर्न लावून चित्र कुठे पडतंय ते बघा, मग स्टँड ठरवा. झूम आणि फोकस सगळ्यात शेवटी, आणि फोकस अक्षरांवरच करा.

"दादा, माझ्यात लेन्स शिफ्ट आहे, ते वापरू का?" अवश्य वापरा! लेन्स शिफ्टमध्ये लेन्स प्रत्यक्ष सरकते, पिक्सेल एकही जात नाही. फक्त आधी प्रोजेक्टर सरळ हवा. पडद्याला चिकटून ठेवायचा अल्ट्रा शॉर्ट थ्रो असेल तर मात्र मिलिमीटरनेही चित्र वाकडं होतं, तिथे घाई करू नका.

आणि हो, हॉलमध्ये तासभर स्लाइड दाखवायच्या आहेत, टेबल हलवता येत नाही, तर कीस्टोन वापरा, माझी काही हरकत नाही. घरी वर्षानुवर्षं राहणाऱ्या सेटअपला ते नको.

"4के सपोर्टेड" वाचून घेणाऱ्यांनाही सांगतो. सपोर्टेड म्हणजे तो सिग्नल घेतो एवढंच. नेटिव्ह रिझोल्यूशन शोधा, म्हणजे चिपवर खरे पिक्सेल किती ते. 854 गुणिले 480 ची चिप असेल तर साधारण चार लाख पिक्सेलच आहेत, फुल एचडीत वीस लाखांच्या वर. त्या चार लाखांतून कीस्टोनला आणखी देऊ नका.

ब्लूटूथ स्पीकरवर आवाज मागे राहतो, असं विचारणारे खूप आहेत. वायर लावा, किंवा प्लेयरमध्ये ऑडिओ डिले असेल तर तो जुळवा. आणि दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर पंखा पूर्ण थांबल्याशिवाय प्लग काढू नका, गरम दिव्याचं आयुष्य त्याने कमी होतं. पडदा की रंगवलेली भिंत, यावर पुढचा व्हिडिओ. तुमचा थ्रो रेशो आणि खोलीचं माप कमेंटमध्ये टाका, तीच उदाहरणं घेतो.