सावित्री: कड्यापासून खाडीपर्यंत

(दृश्य: सकाळ. आर्थर सीटचा कठडा. दरीत धुकं.)

सकाळी साडेसातला आर्थर सीटवर गर्दी नसते. कणीसवाल्याची शेगडी अजून पेटलेली नाही. माकडं मात्र कामावर हजर.

उजव्या हाताची दरी हिरवी, त्या मानानं उथळ. हे जोरचं खोरं. इथं पडलेलं पाणी कृष्णेला मिळतं आणि सुमारे 1,400 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरात जातं. डाव्या हाताला मात्र जमीन एकदम संपते. ही दरी सावित्रीची. तिचं पाणी सव्वाशे किलोमीटरच्या आतच अरबी समुद्र गाठतं.

क्षेत्र महाबळेश्वराच्या पंचगंगा मंदिरात या दोघी एकत्र आहेत. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री. पाचींचं पाणी एकाच गोमुखातून कुंडात पडतं. बाहेर पडल्यावर सावित्री कोकणात उतरते आणि कृष्णा देशावर जाते.

या जागेला नाव आहे आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याचं. गाईड मंडळी सांगतात, त्याची बायको आणि लेकरू बाणकोटच्या खाडीत बुडालं, आणि तो इथं येऊन नदीकडे बघत बसायचा. गोष्ट प्रत्येक गाईडागणिक थोडी बदलते. पण ती सांगणारा नकळत एक खरी गोष्ट सांगून जातो, की इथून दिसणारी नदी आणि बाणकोटची खाडी एकच.

(दृश्य: बाटलीचं झाकण हवेत. मंद गती.)

आता गर्दी जमलीय आणि खेळ सुरू झालाय. झाकण दरीत फेकायचं आणि ते परत वर येताना बघायचं. यात चमत्कार काही नाही. कोकणातून येणारा वारा सरळसोट कड्यावर आदळतो, त्याला पुढं जायला वाट नसते, म्हणून तो वर चढतो आणि हलकी वस्तू सोबत उचलून आणतो. सगळी झाकणं मात्र परत येत नाहीत. उरलेली कुठं जातात, ते थोडं खाली उतरल्यावर दिसतं.

(दृश्य: ड्रोन. कड्याचे थर.)

हा कडा नीट बघा. आडव्या पट्ट्या दिसतात. प्रत्येक पट्टी म्हणजे लाव्हाचा एक लोट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबलांब भेगा पडल्या आणि त्यांतून पुन्हा पुन्हा लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. मध्येच कुठं तांबडी रेघ दिसते. दोन लोटांच्या मधल्या काळात वरचा खडक कुजून माती झाली होती. पुढचा लोट आला आणि ती माती विटेसारखी भाजून निघाली. सगळ्यात वर, आपण उभे आहोत तो जांभा. पावसानं त्याच खडकातलं जे धुऊन जाण्यासारखं होतं ते नेलं आणि लोखंड मागं ठेवलं, म्हणून हा रंग. हा जांभा आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पठारापासून कोकणतळापर्यंत हजार मीटरहून जास्त उतार. एवढं पाणी एवढ्या उतारावर सोडलं, की ते एकटं जात नाही. जाताना डोंगर घेऊन जातं.

(दृश्य: विंडो पॉइंट. वाट कठडा सोडून खाली वळते.)

बहुतेक लोक इथून मागं फिरतात. आम्ही ढवळे घाटानं उतरलो. विंडो पॉइंट, गाढवाचा माळ, जोरचं पाणी, बहिरीची घुमटी आणि खाली ढवळे गाव. या वाटेला फलक नाहीत, कठडे नाहीत, चहा नाही. वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नये. आमच्यासोबत ढवळ्याचे एक मामा होते. पायात साध्या चपला, हातात कोयता.

(दृश्य: कारवीच्या काठ्यांमधून चालणारे पाय. जवळून.)

ही कारवी. फेब्रुवारीत पानं सुकलेली, काठ्या उभ्या. सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. एरवी तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, पण उतारावरची माती धरून ठेवायचं काम तिचं. या काठ्यांचा कुड करून, त्यावर शेण-माती लिंपून इथली घरं उभी राहिली.

आणि हे बघा, कारवीच्या बुंध्यात अडकलेलं निळं झाकण. त्याच्या शेजारी पांढरं. खाली अख्खी बाटली.

बहिरीच्या घुमटीपाशी देव उघड्यावर आहे. मामांनी चपला काढल्या, हात जोडले. समोर चंद्रगड. जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांचा हा गड. 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, आणि जिथून आपण सहलीला म्हणून उतरतोय ते रान, हे घाट, ही कोकणात उतरणारी दारं स्वराज्यात आली. त्याच वर्षी पलीकडच्या डोंगरावर प्रतापगडाचं काम मोरोपंत पिंगळ्यांकडे सोपवलं गेलं. तीन वर्षांनी अफझलखान याच रानात शिरला. पुढचं महाराष्ट्राला पाठ आहे.

(दृश्य: जळालेला उतार. काळी राख, मधूनच धूर.)

ही सावली नाही. वणवा आहे.

मामा म्हणाले, “कुणी गवत चांगलं यावं म्हणून लावतं, कुणाची बिडी पडते. एकदा वर चढला की कोण विझवणार त्याला?” गवत जातं, कारवी होरपळते, रोपं जातात. जून उजाडतो तेव्हा उतार उघडा असतो. पहिल्या जोराच्या पावसात मामांच्या दारातला ओढा तांबडा होतो. तो ओढा पुढं सावित्रीला मिळतो.

(दृश्य: पोलादपूर. आंबेनळी घाटातलं खोदकाम. डंपर.)

शिवाय रस्ते. डोंगर उभा कापायचा आणि राडारोडा खालच्या बाजूला ढकलून द्यायचा, ही आपल्याकडची पद्धत. तो तिथं फार तर एक पावसाळा राहतो.

(दृश्य: गांधारपाल्याची लेणी. दाराच्या चौकटीतून खोरं.)

महाडजवळच्या गांधारपाल्याच्या बौद्ध लेण्यांची ही ओसरी. सावित्रीचं खोरं बघायला माझ्या मते यापेक्षा चांगला पॉइंट नाही, आणि याला कुणी पॉइंट म्हणत नाही. रायगडाकडून येणाऱ्या गांधारी आणि काळ महाडच्या आसपास सावित्रीला मिळतात. खाडीची भरतीही इथवर चढते. एके काळी महाड बंदर होतं, ते त्यामुळंच. वरून पाणी आणि खालून भरती अशी दोन्ही एकाच वेळी आली, तर गाळानं उथळ झालेल्या पात्रात मावत नाहीत. दासगावजवळ खाडीत रेल्वेसाठी टाकलेल्या भरावानं पाणी आणखी तुंबतं, असं महाडकर सांगतात. चवदार तळ्याच्या गावात आता पावसाळा आला की दुकानदार माल पोटमाळ्यावर चढवतात.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी बसगाड्यांसह वाहून गेला. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरात 24 तासांत जवळपास 600 मिलिमीटर पाऊस झाला, महाड बुडालं आणि तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला. 80 हून अधिक माणसं गेली.

(दृश्य: तळिये. निवेदन नाही.)

(दृश्य: दादली पुलाच्या परिसरातला काठ. मगर.)

पुरानंतर इथं गाळ काढायला यंत्रं लागली. काठावर गाळाचे ढीग आहेत, आणि त्यांच्या समोरच उन्हाला पडलेली ही मगर. तोंड उघडं. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ही तिची रीत. भर शहरात, कपडे धुणाऱ्या बायकांपासून हाकेच्या अंतरावर मगरी पहुडलेल्या असतात आणि दोन्ही बाजूंना त्याचं फारसं काही वाटत नाही. आमच्या कॅमेरामनला मात्र वाटलं. चित्र हललंय ते त्यामुळं.

(दृश्य: खाडी. कांदळवन. होडी.)

महाडच्या खाली नदीची खाडी होते. कारखान्यांचं सांडपाणी प्रक्रिया करून खाडीत सोडलं जातं. मासळी कमी झाल्याची तक्रार कोळी करतात. रेतीचा उपसाही चालतो.

(दृश्य: वेश्वीची जेट्टी. फेरीबोट धक्क्याला लागते.)

अलीकडे रत्नागिरी जिल्हा, पलीकडे रायगड. मध्ये ही फेरीबोट. गाड्या उलट्या चढवायच्या म्हणजे पलीकडे सरळ उतरता येतात. दोन एसट्या, एक आंब्याच्या रिकाम्या पेट्यांचा टेम्पो, बाकी दुचाक्या. “दादा, गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा!” उजवीकडे खाडीत उभे आहेत ते अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब. पंधरा मिनिटांत बागमांडला.

(दृश्य: हरिहरेश्वर. प्रदक्षिणामार्ग. दोन कड्यांमधल्या पायऱ्या, समोर समुद्र.)

आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग ही वाट. दोन उभ्या कड्यांच्या फटीतून पायऱ्या थेट समुद्रावर उतरतात. इथला खडक हातानं बघण्यासारखा आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं पडलीत त्याला. लाटांचे तुषार खडकात मुरतात, पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक आत फुगतात आणि कण कण सुटत जातो. एकेका घरात बोट जातं. हाच तो कड्यावरचा लाव्हा, इथं समुद्राच्या तोंडी दिलेला. भरतीच्या वेळी या वाटेवर उतरू नका. लाट आली तर पळायला जागा नाही.

(दृश्य: बाणकोट किल्ला. ड्रोन. नदीचं मुख.)

पुन्हा फेरीबोटीनं अलीकडे. बाणकोटचा हिंमतगड. 1755-56 च्या सुमारास आंग्र्यांकडून इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. तटाचा दगड बघितलात? जांभा. बुरुजावर उभं राहिलं की निळ्या पाण्यात खाडीचं गढूळ पाणी लांबवर शिरलेलं दिसतं. फेब्रुवारीत इतकं. पावसाळ्यात ड्रोन उडवता आला नाही.

बाणकोटहून वेळास जवळच आहे. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं तिथं साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून समुद्रात जाऊ लागतात. आम्ही लवकर पोचलो, त्यामुळं ती या चित्रफितीत नाहीत. ज्यांना बघायची आहेत त्यांनी गावातल्या घरी मुक्काम आधी ठरवावा आणि येताना आंबेनळीनं उतरून नदीच्या कडेकडेनं यावं. एक दिवस जास्त लागतो.